हिस्टरीचा तास

"उद्गारचिन्ह नको," मी म्हणाले. "ज्यानं कालपर्यंत कीबोर्डला हात लावला नाही, त्याच्या हातात ते कशाला द्यायचं?"

"मग काय, नुसता वरचा बाण?" येमुल सर खुर्चीत मागं रेलून हसले. "म्हणजे सकाळची कमांड दुपारी पाहिजे असेल तर बिचाऱ्यानं बाण दाबत बसायचं."

"बसू दे. दाबता दाबता आपण काय काय केलं ते वाचेल तरी."

"मॅडम, सर्व्हर बंद पडलेला असताना वाचत कोण बसतं? साहेब डोक्यावर उभा असतो."

सोलापूरची मे महिन्यातली दुपार होती. लॅबमधला एसी बिघडला होता, म्हणून बाकीचे संगणक बंद ठेवून आम्ही एकच चालू ठेवला होता. टेबलफॅनही एकच होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडं वळवून ठेवला होता आणि मी उठून गेले तरी तो तसाच असायचा.

मी तेव्हा एका संस्थेच्या संगणक प्रशिक्षण केंद्रात शिकवत होते. गिरण्या बंद पडल्या होत्या, मागांचंही काही खरं नव्हतं, आणि आमच्या संचालकांच्या, डोईजोडे सरांच्या, मनात आलं होतं की गावातल्या मुलामुलींना सर्व्हर सांभाळायला शिकवावं, म्हणजे पुण्या-हैदराबादेत नोकरीला लागतील. नवशिक्यांसाठी सहा महिन्यांचा कोर्स. तो बसवायचं काम माझ्याकडं आलं. मला पुस्तकातलं येत होतं. खरा सर्व्हर मी कधी सांभाळलेला नव्हता. म्हणून सरांनी वेणुगोपाल येमुल यांना बोलावलं. ते मूळचे इथल्याच पूर्व भागातले, तेलुगू विणकरांच्या घरातले. हैदराबादला एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं हेच काम करून काही महिन्यांपूर्वी परत आले होते. का परत आले ते कुणाला माहीत नव्हतं. भावाच्या माग-कारखान्यात बसतात, एवढंच कळलं होतं.

बाकीचा अभ्यासक्रम भराभर ठरला. आम्ही अडकलो ते हिस्टरीपाशी.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सर्व्हरवर चित्रं-बित्रं नसतात. काळा पडदा असतो, त्यावर एकेक कमांड टाइप करायची आणि एंटर दाबायचं. आपण दिलेली प्रत्येक कमांड मशीन लक्षात ठेवतं. त्यालाच हिस्टरी म्हणतात. जुनी कमांड परत आणायच्या पुष्कळ तऱ्हा आहेत. वरचा बाण दाबत एकेक पायरी मागं जाता येतं. कंट्रोल आणि आर दाबून एखादं अक्षर टाकलं की मशीन स्वतः मागं शोधत जातं. सगळी यादी नंबरासकट समोर मांडता येते. आणि उद्गारचिन्ह टाकून पुढं तो नंबर दिला की ती कमांड तिथल्या तिथं परत चालते. डोईजोडे सरांनी सांगितलं होतं, या विषयाला एक तास. तासात बसेल तेवढंच घ्या. नवशिक्याला यातलं काय आधी यायला पाहिजे, यावर आमचं चार दिवस चाललं होतं.

"असं करू," येमुल सर म्हणाले. "कुणावर तरी करून बघू."

केंद्रात आम्हा दोघांखेरीज हिशेबाच्या कस्तुरी कोनापुरे होत्या. काळा पडदा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्या आल्या, पदर खोचून खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बिघडलं तर मी जबाबदार न्हाई बघा."

सकाळभर आम्ही त्यांना फोल्डर बनवायला, पुसायला, त्यातल्या फायली बघायला शिकवलं. मग वरचा बाण दाखवला. त्यांनी दोनदा दाबला, आपलीच कमांड परत आलेली पाहिली आणि तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे मी काय काय केलं ते सगळं याला पाठ आहे?"

"सगळं," मी म्हणाले.

"आमच्या ह्यांच्यासारखंच म्हणा की. चुकलेलं पहिलं आठवतंय."

कंट्रोल-आर त्यांना बाणापेक्षाही आवडलं. मला ते कठीण वाटलं होतं, पण त्यांनी दोन अक्षरं टाकली आणि हवी ती ओळ आली तेव्हा त्या स्वतःशीच हसल्या. येमुल सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ठीक, कंट्रोल-आर घेऊ.

जेवून आल्यावर येमुल सरांनी उद्गारचिन्ह शिकवलं. बाईंना फायलींची यादी परत बघायची होती. त्यांनी हिस्टरी काढली, बोटानं नंबर शोधला, उद्गारचिन्ह टाकून नंबर टाइप केला. एक ओळ चुकली. एंटर दाबलं तशी कमांड पडद्यावर उमटली, आणि उमटता उमटता चालूनही गेली. ती सकाळची फोल्डर पुसायची कमांड होती. सकाळी तो फोल्डर रिकामा होता. दुपारी सरांनी त्याच नावाचा फोल्डर परत बनवून त्यात आम्ही दोन दिवस खपून तयार केलेले सरावाचे नमुने ठेवले होते.

"काय झालं ओ?" कस्तुरीबाई म्हणाल्या. "गप का झालाव दोघं?"

"काही नाही," येमुल सर म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही. सकाळी बरोबर होती तीच कमांड आहे."

त्या गेल्यावर ते पडद्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "तुमचं खरं होतं. बाणानं काय, कंट्रोल-आरनं काय, कमांड आधी समोर येते. आपण वाचतो, मग एंटर मारायचं का नाही ते ठरवतो. हे उद्गारचिन्ह विचारत नाही."

"मग नियमच करू. आधी दिसलं पाहिजे, मग चाललं पाहिजे. ज्याच्यात तसं नाही ते पहिल्या वर्गाला नाही."

"हां," ते म्हणाले. "हे बरं झालं."

नमुने आम्ही परत बनवले. त्याला आणखी दोन दुपारी लागल्या. त्या दोन दुपारी लागल्या याचं मला मनातून बरं वाटलं होतं.

मी तेव्हा चौतिशीची होते. आई नव्हती. अप्पांना अर्धांगवायू झाल्यापासून ते पलंगावर होते, उजवी बाजू गेलेली, बोलणं एकेका शब्दावर आलेलं. धाकटी बहीण लग्न होऊन अक्कलकोटला गेली होती. माझ्यासाठी स्थळं यायची थांबली होती, आणि ती थांबली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी केंद्रात जायचे, परत येऊन अप्पांना भरवायचे, रेडिओ लावायचे. त्या मे महिन्यात मी सुती साड्यांना खळ घालायला लागले. अप्पा पलंगावरून बघत होते. एके दिवशी त्यांनी विचारलं, "कोण?"

"कुणी नाही, अप्पा. कोर्सचं काम आहे."

त्यांनी डावा हात उचलून माझ्या निऱ्यांकडं दाखवला आणि अर्ध्या तोंडानं हसले.

पुढं राहिला पुसायचा प्रश्न. हिस्टरीतली एखादी ओळ काढून टाकता येते, सगळी हिस्टरीही कोरी करता येते. सगळी कोरी करायला शिकवायचं नाही यावर आमचं एकमत होतं. पण एक ओळ काढता यायला हवी असं माझं म्हणणं होतं.

"माणूस घाईत असतो," मी म्हणाले. "पासवर्ड मागितलेला नसतानाच टाइप करतो, एंटर मारतो. तो पासवर्ड हिस्टरीत उघडा पडून राहतो. तेवढी ओळ काढायला नको का?"

"नको. पासवर्ड बदलायचा. ओळ राहू द्यायची."

"बदलेलच. पण लोकांची सवय तुम्हाला माहीत आहे. एक अक्षर इकडं-तिकडं करून तोच ठेवतात. जुना दिसला की नवा ओळखता येतो."

"पुसायचं शिकवायचं नाही, मॅडम."

त्यांचा आवाज मी इतक्या दिवसांत तसा ऐकला नव्हता. मी थांबायला हवं होतं, पण मला वाद आवडायचा आणि त्यांच्याशी तर जास्तच.

"कारण तरी सांगा."

ते उठून बाहेर गेले. व्हरांड्यात माठ होता, तिथं उभं राहून पाणी प्यायले. परत आल्यावर बसले नाहीत.

"आम्ही चौघं होतो," ते म्हणाले. "मुख्य खात्याचा पासवर्ड चौघांकडं. एकच खातं, चौघं वापरणार. ते चूकच होतं, पण तसं होतं. एका सकाळी गिऱ्हाइकाच्या फायली गायब. बॅकअपही जुना. साहेबांनी हिस्टरी काढायला सांगितली. काढली. कोरी."

"कुणीतरी पुसली."

"ज्यानं चूक केली त्यानं पुसली. पाळी माझी होती. मी म्हणालो, मी केलं नाही. साहेब म्हणाले, मग कुणी केलं ते दाखव. दाखवायला काही नव्हतंच." ते पंख्याकडं बघत बोलत होते. "राजीनामा दे म्हणाले, म्हणजे पुढं काही करत नाही. दिला. त्या तिघांतल्या एकाच्या लग्नात मी वाढायला उभा होतो, मॅडम. तो असेल, दुसरा असेल. मला अजून माहीत नाही."

मी त्यांच्याकडं खुर्ची सरकवली.

"चूक माफ होते," ते म्हणाले. "या धंद्यात सगळ्यांच्या हातून होते. पुसलेलं फार वाईट. त्यानं दुसऱ्याचं वाटोळं होतं."

त्या दिवशी पुढं काम झालं नाही. संध्याकाळी आम्ही केंद्रासमोरच्या टपरीवर चहा घेतला. शेजारीच एसटीडी बूथ होता. शनिवार होता. "दोन मिनिटं हं," म्हणून ते आत गेले आणि काचेचं दार ओढून घेतलं, पण ते नीट लागलं नाही. आमच्या घरात कन्नड बोलतात, तेलुगू मला अर्धंमुर्धं कळतं. ते मुलीशी बोलत होते. तिची आई ती तीन वर्षांची असताना तापानं गेली, हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं. ती हैदराबादला आजीकडं राहायची, शाळा तिथं होती, आणि नोकरी नसलेल्या बापानं तिला कुठं न्यायचं? "वस्ता, तल्ली, वस्ता," ते म्हणत होते. येतो, बाळा, येतो. बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते.

"श्रावणी?" मी विचारलं.

"दात पडलाय पुढचा. जपून ठेवलाय म्हणे, मला दाखवायला."

सोमवारी सकाळी डोईजोडे सरांनी मला बोलावलं. "हत्तुरे मॅडम, या येमुलांना कायमचं घेऊ या का? कोर्स तेच चालवतील, तुम्ही दोघं मिळून. पगार हैदराबादसारखा नाही देता येणार. पण माणूस चांगला आहे. तुम्ही विचारून बघा. तुमचं ऐकतात."

मी बरं म्हणाले. आपल्या जागी येऊन बसले आणि काय शब्दांत विचारायचं ते ठरवत राहिले. मुलीला इकडं आणता येईल, शाळा मी बघून ठेवीन, असं म्हणायचं. इतकं ठरलं होतं. पण त्या दिवशी ते आले नाहीत. भाऊ लग्नाला वरंगळला गेला होता, माग त्यांनाच बघायचे होते.

बाराच्या सुमारास कार्यालयातला फोन वाजला. कस्तुरीबाईंनी तो माझ्याकडं दिला. "हिंदी बोलायलेत. येमुल सरांना विचारतेत."

हैदराबादहून त्यांच्या जुन्या कंपनीतला माणूस होता. घरचा नंबर लागत नाही, इथं असतात असं त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं, म्हणाला. तो घाईत होता. त्या चौघांतल्या एकानं साहेबांकडं जाऊन कबुली दिली होती. फायली त्याच्या हातून गेल्या होत्या आणि हिस्टरी त्यानंच पुसली होती. "उनको बोलिए, साहब को बहुत बुरा लगा है," तो म्हणाला. नोकरी परत देत होते, वरच्या जागेवर. पण साहेब आज संध्याकाळी परदेशी चालले होते आणि त्या जागेसाठी दुसऱ्या कुणाची निवड होऊन बसली होती. येमुलांचा होकार पाचच्या आत आला तरच ती थांबवता येईल. त्यानं नंबर सांगितला. मी तो लिहून घेतला, परत म्हणून दाखवला.

"काय म्हणतेत?" कस्तुरीबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"चांगलं झालं की. मग आता?"

"सांगून येते."

"आत्ता? बाहेर बघा तरी. चार वाजता जावा, ऊन कलल्यावर. नाहीतर शिपायाला पाठवा, तो चहा पिऊन येतोय."

शिपाई चहा पिऊन कधी येतो ते आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं. आणि चार वाजता निघून त्या गल्ल्यांत कारखाना शोधून बूथवर पोचेपर्यंत पाच वाजून गेले असते. तसं झालं असतं तर मला कुणी बोल लावला नसता. मी डोक्याला स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटी काढली.

पूर्व भागात मी क्वचित जायचे. रस्त्यावर कुणी नव्हतं. कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला सावलीत पडली होती. डांबर मऊ झालं होतं. पण प्रत्येक गल्लीतून मागांचा आवाज येत होता. त्यांच्या भावाचा कारखाना विचारत विचारत सापडला. पत्र्याची लांब शेड, दारात टॉवेलांचे गठ्ठे. आत शिरले आणि कानांवर तो आवाज कोसळला. डझनभर माग एकदम चालू. जमीनच हलत होती.

ते टोकाच्या मागापाशी वाकून तुटलेला धागा जोडत होते. अंगात बनियन, केसांत आणि भुवयांवर कापसाची कुसं. मला पाहून दचकले, खुंटीवरचा शर्ट ओढून घातला, आणि बटणं लावत हसत समोर आले. त्यांना वाटलं असेल, कोर्सचं काही काम निघालं.

मी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ नका."

मला माझाच आवाज ऐकू आला नाही. त्यांनी कानामागं हात धरला आणि मान पुढं केली. काय, असं त्यांचे ओठ म्हणाले.

"हैदराबादहून फोन होता," मी ओरडले.

त्यांना तेही कळलं नाही. मी आणखी जवळ गेले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "तुमच्यावरचा आळ गेला. त्यानं कबूल केलं. नोकरी परत देतायत."

कारखान्यातले दोघं-तिघं कामगार वळून बघायला लागले. येमुल सरांनी हात लांब करून शेजारचा माग बंद केला. बाकीचे चालूच होते. मला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "परत सांगा." मी सगळं परत सांगितलं, आता हळू. नाव सांगितलं. ज्याच्या लग्नात ते वाढायला उभे होते, तो हा नव्हता. ते टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हातांआडूनच म्हणाले, "श्रावणी."

"पाचच्या आत फोन करायचाय," मी म्हणाले. "चला, मी सोडते."

ते मागं बसले. सीटच्या मागचा दांडा त्यांनी धरला होता, मला त्यांचा स्पर्श होणार नाही याची काळजी घेत. केंद्रासमोरच्या बूथवर मी त्यांना उतरवलं. ते आत फोनवर बोलत असताना मी बाहेर उसाचा रस मागवला आणि प्यायले नाही. बाहेर आले तेव्हा चेहरा एखाद्या आजारातून उठलेल्या माणसासारखा होता.

"हो म्हणालो," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "बरोबर केलं ना, मॅडम?"

"तिचा दात बघायचाय तुम्हाला," मी म्हणाले.

डोईजोडे सरांचा निरोप मी त्यांना दिलाच नाही. सरांना सांगितलं, ते चाललेत. सर म्हणाले, "अरेरे. पण त्यांच्या दृष्टीनं चांगलं झालं."

जायच्या आधी ते केंद्रात येऊन गेले. कस्तुरीबाईंनी त्यांना शेंगाचटणीची पुडी दिली. मला ते म्हणाले, "सगळं झालं, पुसायचं तेवढं राहिलं. ते तुम्हीच ठरवा. मी ठरवलं तर मी माझंच बघून ठरवीन."

"तुमच्या मनाविरुद्ध ठरलं तर?"

"तर मला सांगा फक्त."

लॅबच्या दारापाशी ते क्षणभर थांबले. पंखा अजून माझ्या खुर्चीकडंच वळलेला होता. मग गेले.

कोर्स जूनमध्ये सुरू झाला. पहिल्या वर्गाला हिस्टरीचा तास मी घेतला. वरचा बाण. यादी वाचायची कशी. कंट्रोल-आर. एंटर मारण्याआधी ओळ दुरुस्त करणं. उद्गारचिन्ह नाही. आणि शेवटी मी त्यांना एक ओळ काढायला शिकवली, पासवर्ड पडला असेल तर. पण त्याबरोबर असंही सांगितलं की पासवर्ड बदलायचा, ओळ काढायची आणि त्याच वेळी आपल्या वरच्या माणसाला जाऊन सांगायचं, मी ही ओळ काढली, या कारणासाठी. हे सांगणं परीक्षेत विचारलं जाईल, असंही म्हणाले. विचारायचेही.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. कस्तुरीबाई समोर व्हाउचरं लावत बसल्या होत्या.

"काय ठरवलंत?" त्यांनी एकदम विचारलं. मी सांगितलं. ते ऐकत राहिले.

"काढावं, पण सांगून काढावं," ते म्हणाले. "चालेल. मी इथं माझ्या हाताखालच्यांनाही तसंच सांगीन." मग मुलगी कशी आहे, सर कसे आहेत, अप्पा कसे आहेत, हे झालं. मी फोन ठेवणार होते.

"मॅडम, सासूबाईंनी एक स्थळ आणलंय. त्यांच्याच नात्यातली आहे. श्रावणीला लळा लागलाय तिचा."

"मग चांगलंच आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"श्रावणीला लळा लागलाय म्हणता, आणखी काय पाहिजे?"

"मी हे विचारणारच नव्हतो," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही तसल्या उन्हात कारखान्यात आलात ना, तेव्हाच मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"मी जावं असं तुम्हाला वाटत होतं. तसं नसतं तर कोण येतं हो बारा-एकच्या उन्हात? उद्या सांगितलं असतंत. निरोप मिळालाच नाही म्हणाला असतात, तरी मी काय केलं असतं? मी बूथपर्यंत तुमच्या मागं बसून मनात तेच म्हणत होतो, यांचं ठरलेलं आहे. मग मीही ठरवलं."

कस्तुरीबाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि परत व्हाउचरांत घातली. मी फोनची वायर बोटाला गुंडाळत होते.

"मॅडम?"

"आहे," मी म्हणाले. "लग्न कधी आहे?"

"माघात."

"कळवा."

त्यांनी कळवलं. पत्रिका आली. अप्पांजवळ बहिणीला बसवून मी हैदराबादला गेले. एका छोट्या देवळात लग्न होतं, पन्नासएक माणसं. मुहूर्त दिवस उगवायच्या वेळचा होता. नवरी सावळी, शांत चेहऱ्याची होती. मला ती आवडली.

मी मागच्या बाजूला सतरंजीवर बसले होते. हळद लागलेल्या कपाळानं ते मध्येच माझ्यापाशी आले, बरोबर परकर-पोलक्यातली एक मुलगी, डोळे झोपेनं जड झालेले. समोरचे दोन नवे दात अर्धे आलेले. तिनं माझ्याकडं बोट दाखवून तेलुगूत विचारलं, या कोण?

"यांनी मला तुझ्याकडं पाठवलं," ते तिला म्हणाले. त्यांना वाटलं असेल, मला तेवढं तेलुगू कळणार नाही.

त्यांना बोलावणं आलं, ते गेले. मुलगी राहिली. जरा वेळ माझ्याकडं बघत उभी राहिली, मग शेजारी बसली, मग कलंडली. मंगलाष्टकांसारखं काहीतरी सुरू झालं, सनई वाजली, लोक उभे राहिले. श्रावणी माझ्या मांडीवर गाढ झोपली होती, एका मुठीत माझ्या साडीचा काठ घट्ट धरून. मला उठता आलं नाही. अक्षता मी बसूनच टाकल्या.